सहाशे ऐंशी किलो

(शनिवार सकाळ. नऊ मजली ऑफिस-इमारतीचं तळघर. लिफ्टचं दार उघडं अडकवून ठेवलं आहे.)

भाचा: बत्तीस.

मामा: मोठ्यानं मोज रे! मयताला आल्यासारखा काय मोजतोस?

भाचा: तेहेतीस. मामा, मी वर चाललो होतो. काम होतं माझं.

मामा: शनिवारी कसलं आलंय काम? जिन्यात सापडलास, आता सुटका नाही. एकच राहिलंय, आण. विसाचं वजन एका हातात उचलतोस आणि तोंड मात्र बारा वाजल्यासारखं. ठेव. मधोमध. हळू, हळू... चौतीस! चौतीस विसे किती?

भाचा: सहाशे ऐंशी.

मामा: आतल्या पाटीवर काय लिहिलंय?

भाचा: दहा माणसं, सहाशे ऐंशी किलो.

मामा: आणि जास्त वजनाची घंटा वाजतेय का?

भाचा: नाही.

मामा: नाही! आता माझी हत्यारांची पिशवी उचल आणि त्याच्यावर ठेव.

भाचा: ठेवली. वाजली बघ.

मामा: उचल!

भाचा: थांबली.

मामा: परत ठेव!

भाचा: वाजली. मामा, लोक येतील आवाजानं.

मामा: येऊ देत! पेढे... काय ते, काहीतरी वाटीन मी. अरे, सोन्याचा तराजूसुद्धा इतकं चोख सांगणार नाही. सहाशे ऐंशीला गप्प आणि वर पाच-सात किलो गेले की बोंब. चौदा वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं बसवलीय ही. वर्षभर सगळी इमारत मला शिव्या देतेय, मिस्त्री तुमची लिफ्ट आठ माणसांत वाजते, सात माणसांत वाजते, सेन्सर बिघडलाय. बिघडलाय म्हणे! काही बिघडलेलं नाही. लिफ्ट बरोबर आहे!

भाचा: लिफ्ट बरोबर आहे.

मामा: हो!

भाचा: म्हणजे मी चूक.

मामा: आं? तुझं काय मध्येच?

भाचा: काही नाही. जातो मी वर. एचआरच्या मॅडम एक वाजता निघतात.

मामा: त्यांच्याकडे काय आहे तुझं? खिशात काय आहे ते? दाखव. पाकीट कसलं? प्रेमपत्र तर नाही? ए, हसतोस काय नुसता... हसतही नाहीयेस तू. काय आहे?

भाचा: राजीनामा.

मामा: काय?

भाचा: आईला सांगू नकोस. दुसरीकडे मिळाली की मी सांगेन.

मामा: पाच वर्षांची नोकरी! गेल्याच महिन्यात ताई मला सांगत होती, त्यानं काय ते तक्ते करून दिले, सगळे साहेब उठून उभे राहिले म्हणून. काय झालं? कुणी बोललं का? भांडण?

भाचा: भांडण कुठलं. नवव्या मजल्यावर आहे ऑफिस, एवढंच झालं.

मामा: मग? नववा मजला काय आज आलाय वर?

बाई: मिस्त्री! अहो मिस्त्री, काय लावलंय हे? चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय केकाटणं. दुरुस्त करायला बोलावलं की वाजवायला?

मामा: या बाई, या! वेळेवर आलात. ह्या आमच्या सुपरवायझर बाई. इमारतीतला बल्बसुद्धा ह्यांना विचारून जातो.

बाई: ओळखते मी ह्यांना. नववा मजला. नमस्कार.

भाचा: नमस्कार.

मामा: बाई, मोजून चौतीस वजनं ठेवलीत. लिफ्टमध्ये खोट नाही. लिहून देतो.

बाई: खोट असो नसो. वरून निरोप आलाय, मर्यादा थोडी वाढवून द्या. सहाशे ऐंशीचे आठशे करा, म्हणजे वाजायची थांबेल.

मामा: वाढवून द्या? बाई, हे काय दुकानातलं माप आहे, वर चिमूटभर जास्त टाकायला? दोर सहाशे ऐंशीचा, ब्रेक सहाशे ऐंशीचा. घंटा बंद करून काय होणार? ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फोडतं का?

बाई: मला काय सांगता? मला वरच्यांची कटकट. बरं, ती नोटीस लावल्यापासून जरा कमी झाली होती. गार्डही बरोबर लक्ष ठेवायचा.

मामा: कुठली नोटीस?

बाई: ती काय, दाराशेजारी. प्रत्येक मजल्यावर आहे. "घंटा वाजल्यास सर्वांत वजनदार व्यक्तीने बाहेर यावे."

मामा: हॅ! कुठल्या शहाण्यानं सुचवलं हो हे?

बाई: तुम्ही.

मामा: मी?

बाई: फेब्रुवारीत. मी फोन केला, तुम्ही कुठल्याशा लिफ्टच्या टपावर चढून बसला होता. म्हणालात, "बाई, आता मी येऊ शकत नाही, वाजली की सगळ्यांत जाड माणसाला उतरवा, थांबेल." मी ते जरा बऱ्या भाषेत टाईप करून घेतलं.

मामा: असं म्हणालो?

बाई: आणि हसलातसुद्धा.

मामा: ...म्हणतो मी तसं. सगळेच मेकॅनिक म्हणतात. गिऱ्हाइकाला फोनवर गप्प करायचं असलं की हेच सांगतात. बाई, मग तुमचा गार्ड काय करतो? वाजली की?

बाई: काय करणार? नोटिशीप्रमाणे सांगतो, साहेब तुम्ही जरा...

मामा: कोणाला?

भाचा: मला. असं बघू नकोस मामा. पहिले पंधरा दिवस तो म्हणायचा, "साहेब, तुम्ही जरा." मग म्हणायचंही बंद केलं, नुसतं दार धरून उभा राहायचा. मग मीच वाजायच्या आधी उतरायला लागलो. आत सगळे फोनमध्ये डोकं घालून. आमचा टीमलीडर तेवढा बोलायचा, "रणगाडा उतरला, चला." वाईट नाही तो तसा. सगळे हसले की मीही हसायचो.

बाई: अगं बाई. मला हे माहीत नव्हतं हो. मी सकाळी मागच्या दारानं येते.

भाचा: तीन तारखेपासून लिफ्ट सोडली. नऊ मजले जिन्यानं. वर पोचलो की पहिली दहा मिनिटं बाथरूममध्ये. ड्रॉवरमध्ये जादा शर्ट ठेवलाय. परवा मीटिंगला उशीर झाला तर साहेब म्हणाले, "लिफ्ट आहे की रे." तेव्हा ठरवलं, बास. तळमजल्यावरची नोकरी शोधायची.

मामा: आणि ते वाक्य माझं होतं.

भाचा: तुला काय माहीत होतं.

मामा: माहीत होतं! तू नवव्यावर बसतोस हे माहीत होतं, तू कसा दिसतोस तेही माहीत होतं. फक्त दोन्ही एकत्र डोक्यात आलं नाही. सख्खा भाचा! ताईसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू मी? थांब. थांब, थांब, थांब. तीन तारीख म्हणालास?

भाचा: तीन.

मामा: तेव्हापासून एकदाही पाय ठेवला नाहीस?

भाचा: आज ठेवला, तो तू वजनं उचलायला लावलीस म्हणून.

मामा: आज चोवीस. ही कंट्रोलची पेटी उघड. तो बारका स्क्रूड्रायव्हर दे. ह्यात गेल्या वर्षी नवीन कार्ड बसवलंय मी. प्रत्येक वेळी घंटा वाजली की तारीख, वेळ, किलो, सगळं नोंदवतं. आजवर कधी बघितलं नाही. कशाला बघायचं? मला वाटायचं सेन्सरच खोटा, तर त्याची नोंद काय खरी असणार! तू वाच. तुझे डोळे चांगले आहेत.

भाचा: आजच्या दोन आपल्याच, त्या सोडतो. बावीस तारीख, नऊ पन्नास, सहाशे ब्याण्णव. बावीस, दीड वाजता, सातशे एक. एकवीस, नऊ अठ्ठेचाळीस, सहाशे शहाऐंशी. मामा...

मामा: वाच, वाच!

भाचा: वीस तारीख दोनदा. एकोणीस एकदा. ह्या सगळ्या दिवशी मी जिन्यात होतो.

मामा: मोज! तीन तारखेपासून किती?

भाचा: थांब. खाली, अजून खाली... एकवीस. एकवीस वेळा वाजलीय.

मामा: तू नसताना!

भाचा: मी नसताना. त्याच्या आधीचे तीन आठवडे बघू दे. उगाच एका बाजूचं नको. बावीस... तेवीस. मी असताना तेवीस, मी नसताना एकवीस.

बाई: म्हणजे ह्यांच्यामुळे फरक दोनाचा?

भाचा: दोनाचा. आणि दोनाचा फरक सुट्टी-बिट्टीनंही पडतो. मामा, हे मी नव्हे. निदान मी एकटा नव्हे!

मामा: चोर सोडून संन्याशाला फाशी! बाई, ऐकलंत का? चोर सोडून...

बाई: ऐकलं हो, मी इथंच आहे. पण मग चोर कोण?

भाचा: एक मिनिट. सहाशे ऐंशी भागिले दहा. ही पाटी बनवणाऱ्यानं माणूस अडुसष्ट किलोचा धरलाय. पूर्वी दहा जण मावायचे का खरंच?

मामा: मावायचे म्हणजे? सुरू झाली त्या दिवशी मी स्वतः दहा पोरं घालून नेली वरखाली. नवव्याचीच. तुमच्या ऑफिसात तेव्हाही सगळी बाविशी-तिशीचीच पोरं. दर सर्व्हिसला मी तेच करतो. आता तूच सांग, चौतीस वजनं दर वेळी कोण वाहून आणणार? नवव्या मजल्यावर हाक मारायची, "चला रे पोरांनो, फुकट फेरी!" धावत यायची. आकडा डायरीत लिहायचा, सही करायची, झालं काम. बाई, हे वर सांगू नका.

बाई: मी बहिरी आहे.

भाचा: डायरी आहे तुझ्याकडे?

मामा: पिशवीत. तेलाचे डाग पडलेत, पण दिसेल. पहिलं पान बघ.

भाचा: पहिलं वर्ष. दहा माणसं, सहाशे चाळीस. म्हणजे चौसष्टला एक. चौथं वर्ष, दहा माणसं, सहाशे पंच्याहत्तर. साडेसदुसष्ट. आठवं वर्ष... "दहा माणसांत वाजली. नऊ माणसं, सहाशे साठ. सेन्सर आळशी झालाय. बदलला." मामा, सेन्सर आळशी कसा होतो?

मामा: पुढं वाच.

भाचा: अकरावं वर्ष. "नऊ माणसांत वाजली. आठ माणसं, सहाशे तीस. नवीन सेन्सरही तसलाच. बदलला." आणि ह्या वर्षी, "आठ माणसांत वाजली. सात माणसं, सहाशे दोन. कंपनी माल भिकार पाठवते. बदलला."

मामा: तीन सेन्सर! तिन्ही वर्कशॉपमध्ये तपासले, तिन्ही चोख निघाले, आणि मी त्या तपासणाऱ्यालाच वेड्यात काढलं. म्हणालो, माणसं तीच आहेत, मग यंत्र नाही तर काय बिघडणार?

भाचा: माणसं तीच नाहीत ना पण! वयं तीच आहेत. पेन दे. तो सेन्सरचा खोका फाडून दे इकडे. बाई, जरा उजेडाकडून सरका. ही खाली वर्षं. पहिलं, चौथं, आठवं, अकरावं, चौदावं. हे किलो, माणशी. चौसष्ट. साडेसदुसष्ट. त्र्याहत्तर. एकोणऐंशी, जवळजवळ. शहाऐंशी. आता जोडतो. बघ! बघ मामा, रेघ बघ! कुठंसुद्धा खाली येत नाही!

मामा: आयला!

भाचा: मजला तोच, लिफ्ट तीच, पोरं बाविशी ते तिशीची. आणि चौदा वर्षांत माणशी बावीस किलो! मी पाच वर्षं ग्राहकांच्या तक्रारींचे तक्ते काढतोय, इतका स्वच्छ तक्ता मला कधी मिळाला नाही. आणि तो मिळाला कुठं, तर तुझ्या तेलकट डायरीत!

मामा: मी तर सही करून पान उलटत होतो रे.

बाई: खुर्च्या!

मामा: काय?

बाई: अहो, खुर्च्या! नवव्या मजल्याच्या खुर्च्या! खालचा दांडा दबतो, खुर्ची हळूहळू खाली बसते. पूर्वी वर्षाला एखादी यायची माझ्याकडे. गेल्या वर्षी चौदा. मी पुरवठादाराशी भांडले, त्याला चोर म्हणाले, दुसरा धरला. त्याच्याही बसल्या. म्हटलं, सगळे पुरवठादार मेले एका माळेचे मणी!

भाचा: चौदा खुर्च्या? बाई, ते लिहिलेलं आहे कुठं?

बाई: तारीखवार. माझं सगळं तारीखवार असतं. आणि कचरा. नवव्याच्या कचऱ्याच्या दोन पिशव्या निघायच्या, आता सात. सगळी खोकी, कप आणि त्या थंड बाटल्या. ते फुकट मशीन आलं ना तुमच्याकडे, गोड पाण्याचं, तेव्हापासून.

भाचा: चार वर्षांपूर्वी आलं. पण एकट्या मशीनवर नको ढकलायला, रेघ त्याच्या आधीपासून चढतेय. आम्ही नऊ-नऊ तास उठतच नाही, बाई. जेवण टेबलावर येतं. पाण्याची बाटलीसुद्धा आणून देतो कुणीतरी. मी आलो तेव्हा चौऱ्याहत्तरचा होतो. मला वाटायचं मीच एकटा हावरट.

मामा: कोण म्हणालं हावरट?

भाचा: कोणी नाही. मीच. बाथरूममध्ये शर्ट बदलताना.

मामा: चल, वजनं काढ बाहेर. चौतीसही.

भाचा: आता काय?

मामा: हातच्या कांकणाला आरसा कशाला? आज शनिवारची पाळी आहे ना वर? बाई, तुमचा वॉकीटॉकी चालतो का तळघरात?

बाई: चालतो. का?

मामा: एक ह्याच्याकडे द्या, एक तुम्ही घ्या आणि जा वर. बाराला पोरं खाली उतरतात. त्यांना म्हणावं मिस्त्री तपासणी करतोय, एकेक करून चढा. तुम्ही माणसं मोजायची, इथं पेटीवर आम्ही किलो बघतो. काय बाई, येते का मजा?

बाई: मजा कसली, मला कामं आहेत... द्या इकडे. दहा मिनिटांत वर असते.

भाचा: मामा, हे नको. ते म्हणतील, हा रडतोय म्हणून मामाला घेऊन आला.

मामा: तू इथं तळघरात आहेस. तुझा त्या लिफ्टशी संबंध काय? उचल ते वजन. तुझ्यासाठी नाही करत मी. मला तीन सेन्सरांची माफी मागायचीय.

भाचा: बत्तीस... तेहेतीस... हे शेवटचं. घे, रिकामी.

मामा: गेली वर. चेहऱ्यावर जरा रंग आलाय तुझ्या. मघाशी राखेसारखा दिसत होतास.

भाचा: धावपळ झाली ना.

बाई: हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का तळघर?

भाचा: येतंय. बोला बाई.

बाई: नववा मजला. बारा जण उभे आहेत, गार्डलाही मी वर आणलंय. मी सांगितलं एकेक चढा. चढले. एक, दोन... अहो ढकलू नका! तीन. चार. आकडा काय?

मामा: तीनशे बेचाळीस!

बाई: पाच. हे बारीक आहेत जरा. सहा.

भाचा: पाचशे अकरा. बाई, सावकाश घ्या, मी लिहून घेतोय.

बाई: सात. हे फोनवर बोलतच चढले. आकडा?

भाचा: सहाशे चार.

बाई: आत अजून ऐसपैस जागा आहे हो, तिघं सहज मावतील. आठवे, तुमचे ते टीमलीडर. चढले... वाजली! वाजली, वाजली! ऐकू येतेय का?

मामा: सहाशे एक्याण्णव! शाब्बास! अरे शाब्बास माझी राणी!

बाई: कोणाला राणी म्हणता?

मामा: लिफ्टला हो, लिफ्टला! काय चाललंय वर? सांगा, सांगा!

बाई: काही चाललेलं नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत. गार्डनं दार धरलंय, पण कोणाकडे बघावं ते त्याला कळत नाहीये. नोटीस वाचतोय बिचारा. आता टीमलीडर म्हणतायत, सेन्सर गेलाय.

मामा: नाचता येईना अंगण वाकडं!

बाई: एक जण दुसऱ्याला म्हणतोय, "तू उतर, तू माझ्यापेक्षा जाड आहेस." तो म्हणतोय, "गेल्या महिन्यात मी काट्यावर उभा राहिलोय, तू राहा आधी." अहो, भांडू नका! मिस्त्री, इथं सगळे पोट आत घेऊन उभे आहेत. पोट आत घेऊन किलो कमी होतात का?

मामा: होत नाहीत म्हणावं!

भाचा: बाई, त्यांना म्हणावं... थांबा. मीच बोलतो. मोठा आवाज ठेवा त्याचा. हॅलो. मी बोलतोय, तळघरातून. हो, मीच. लिफ्ट ठीक आहे. आत्ता सकाळी वजनं ठेवून बघितलीत, मी मोजली. तुमचे सहाशे एक्याण्णव झालेत, आठ जणांचे. मला धरून नाही. मी खाली आहे. भांडू नका, कोणी एक जाड नाहीये. आपण सगळे मिळून चढलोय, चौदा वर्षं. माझ्याकडे रेघ आहे, दाखवतो. आत्ता एवढंच करा, जो शेवटी चढला त्यानं उतरायचं. बसमध्ये करतो तसं.

मामा: शेवटी चढला तो उतरणार. एवढं साधं! फेब्रुवारीत का नाही सुचलं मला?

बाई: टीमलीडर उतरले. हसतायत, पण कानापर्यंत लाल झालेत. म्हणतायत, "रणगा..." नाही, नाव घेऊन म्हणाले. म्हणाले, त्याला सांगा ती रेघ मला बघायचीय.

भाचा: सांगा, आणतो.

बाई: आणि नोटीस मी काढली. फाडली नाही, कागद पाठकोरा आहे. नवीन मजकूर त्यावरच लिहिते. पाटीचं काय करायचं, मिस्त्री?

मामा: दहाच्या जागी सात! दहा माणसं कुठं राहिली आता? किलो तेच ठेवायचे, माणसं सात. वर ओरडले तर मला बोलवा, मी डायरी घेऊन येतो. तेलाच्या डागांसकट.

बाई: येते मी खाली. नको, थांबते. ह्यांना फेऱ्या करून उतरवते. आता माझ्याशिवाय कोणी चढायला तयार नाही.

मामा: काय रे? जिंकलास! आता तर नाच! मी नाचतो, तू टाळ्या वाजव.

भाचा: मामा, त्या आठांत मी नव्हतो, ते खरं. पण नऊ जिने चढताना माझ्या छातीत जे धडधडतं ते काही सेन्सरमुळे नाही. रेघ सगळ्यांची आहे, आणि तिच्यावर सगळ्यांत वर मी आहे.

मामा: असशील. म्हणून नोकरी सोडायची?

भाचा: नोकरीचं नाही म्हणत मी. ती सोडत नाही.

मामा: नाही ना? नक्की?

भाचा: एवढा तक्ता हातात आल्यावर सोडतो होय! सोमवारी मीटिंगमध्ये भिंतीवर लावतो. बाईंच्या खुर्च्यांसकट. ते मशीन काढा म्हणणार नाही, पण निदान बघा तरी म्हणेन. एकेकट्यानं बाथरूममध्ये जाऊन शर्ट बदलण्यापेक्षा बरं. मॅडमना आत्ताच जाऊन सांगतो, मीटिंगमध्ये मला वीस मिनिटं हवीत.

मामा: हे बोललास! हा माझा भाचा! ताईला आत्ता फोन...

भाचा: आईला फोन करशील तर बघ. ऐक ना. लिफ्ट खाली आली?

मामा: आली. पोरं उतरली तळमजल्यावर. बोलावतो तळघरात. आली बघ. जा, मॅडम निघायच्या आत गाठ.

भाचा: तू पेटीपाशीच थांब.

मामा: का?

भाचा: दोन वर्षं झाली, मी कुठल्याही काट्यावर पाय ठेवलेला नाही. कंपनीच्या तपासणीला दोनदा दांडी मारली. डॉक्टरनं विचारलं तर शंभर म्हणून ठोकून देतो. आत मी एकटाच आहे. आकडा बघ.

मामा: आत्ता? अरे, त्याची काय घाई आहे? आज चांगला दिवस गेलाय, उगाच कशाला...

भाचा: आजच. आज ऐकवेल मला.

मामा: बरं. स्थिर उभा राहा. हात सोड कठड्यावरचा.

भाचा: सोडला.

मामा: एकशे एकोणीस.

भाचा: परत बघ.

मामा: एकशे एकोणीसच आहे रे. मी दोनदा बघितलं.

भाचा: हं.

मामा: ठीक आहेस ना? येऊ का आत?

भाचा: नको, तुझे मिसळतील. ठीक आहे. मला वाटत होतं ऐकलं की काहीतरी कोसळेल. काही झालं नाही. नुसता आकडा आहे. दार सोड.

बाई: तळघर, तळघर. लिफ्ट पाठवताय ना वर? इथं माणसं उभी आहेत, मला जागा सांगायचीय त्यांना. आत किती जण आहेत?

मामा: एक जण आहे, बाई.